आडनाव एक, कुलदैवत एक, पण मूळपुरुष एकच का? भाऊबंदांची डीएनए टेस्ट काढायची तर

मे महिन्यात आमच्या माहेरच्या कुळाचं संमेलन झालं, जेवणात आमरस होता आणि जेवणानंतर भांडण. भांडण जुनंच, की वाईवाले आणि आपण एकाच मूळपुरुषाचे का. आडनाव एक, गोत्र एक, कुलदैवत एक, पण कुलवृत्तांतात त्यांची शाखा आपल्या झाडाला जोडताना मधल्या चार पिढ्या नुसत्या तुटक रेघेने दाखवल्यात, नावंच नाहीत. तेवढ्यात अमेरिकेहून आलेला एक पुतण्या म्हणाला, अहो हे तर थुंकीवरून कळतं, सगळ्यांची डीएनए टेस्ट करा. टाळ्या पडल्या, आणि काम आलं माझ्याकडे, कारण व्हॉट्सअॅप ग्रुपची अॅडमिन मी. गंमत अशी की ज्या टेस्टने हे कळतं ती माझी होऊच शकत नाही, आणि पुतण्या ज्या थुंकीच्या टेस्टबद्दल बोलत होता ती या कामाची नाहीच. हे दोन्ही समजायला मला दोन महिने लागले, तुमचे वाचावेत म्हणून लिहितेय. आडनाव मुद्दाम सांगत नाही, का ते खाली कळेल.

आधी मुळातलं. डीएनएच्या टेस्ट तीन प्रकारच्या असतात आणि तिन्ही वेगवेगळ्या वाटेने मागे जातात. पहिली वाय क्रोमोसोमची. हा फक्त पुरुषांत असतो आणि बापाकडून मुलाला जवळजवळ जसाच्या तसा जातो. तुम्हाला दहा दिवसांचं सुतक ज्यांचं येतं ना, ते भाऊबंद, साधारण तीच वाट वायची. माझं लग्न झालं, सुतक तीन दिवसांवर आलं, पण वाय माझ्यात कधी नव्हताच, त्यामुळे वडिलांच्या बाजूचं काही शोधायचं तर मला चुलतभावाला पकडावं लागतं. दुसरी मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे पेशीतल्या एका छोट्या भागात असलेल्या वेगळ्या डीएनएची, ती आईकडून सगळ्या मुलांना मिळते पण पुढे फक्त मुलीच देतात, म्हणजे आई, आजी, पणजी अशी वाट, जिच्यात आडनाव दर पिढीला बदलतं. आपल्या कुलवृत्तांतात या वाटेचं कोणी काही लिहिलेलंच नसतं, 'कन्या, दिली अमुक यांस' आणि विषय संपला. तिसरी ऑटोसोमल, आईवडील दोघांकडून अर्धं-अर्धं येतं ते. भेट म्हणून मिळणारी थुंकीची किट बहुतेक हीच.

आता ही तिसरी का चालत नाही ते बघा. दोन्ही शाखांत दर पिढीला वाटा अर्धा होत जातो. सख्ख्या चुलतभावंडांत साधारण साडेबारा टक्के सारखं निघतं, पणजोबा-पणजी एक असतील तर तीन टक्क्यांच्या आसपास, आणि खापरपणजोबांवर भेटणाऱ्यांत एक टक्क्याच्याही आत, त्यातही दहातल्या एखाद्या जोडीत टेस्टला दिसेल असं काहीच सारखं उरत नाही. आमची आणि वाईवाल्यांची गाठ पडलीच तर ती नऊ-दहा पिढ्या मागे. तिथे हा धागा कधीच विरलेला असतो. वर आपण पिढ्यानपिढ्या आपल्याच जातीत लग्नं करत आलोय, त्यामुळे दोघांत थोडं सारखं सापडलं तरी ते या घराण्यामुळे का कोणातरी पणजीच्या माहेरामुळे, सांगता येत नाही. म्हणून आडनावाच्या शोधाला वायच लागतो, कारण आडनावही बापाकडूनच येतं.

वायमध्ये नेमकं काय मोजतात? पोथीची नक्कल करणारा लेखनिक डोळ्यासमोर आणा. एका ओळीत 'राम राम राम राम' असं दहा वेळा आलंय, तो नक्कल करताना डुलकी लागून एखादा राम जास्त लिहितो, अकरा होतात, आणि त्याच्या पोथीवरून पुढे ज्या ज्या नकला होतात त्या सगळ्यांत अकराच राहतात, पुन्हा कोणी चुकेपर्यंत. वाय क्रोमोसोमवर अशा बऱ्याच जागा आहेत जिथे डीएनएचा एक छोटा तुकडा लागोपाठ येतो, आणि तो किती वेळा आलाय ते मोजतात. उदाहरणार्थ डीवायएस ३९१ नावाच्या जागी बऱ्याच लोकांचे १० निघतात, बऱ्याच जणांचे ११. अशा ३७ जागा मोजल्या तर झाली ३७ मार्करची टेस्ट, १११ मोजल्या तर १११ ची. मग दोघांचे आकडे शेजारी ठेवायचे आणि फरक मोजायचे. ३७ मार्करमध्ये ढोबळमानाने बाप-मुलाच्या पाच-सहा पायऱ्यांत एखादा आकडा सरकतो, त्यामुळे दोन शाखा नऊ पिढ्यांपूर्वी फुटल्या असतील तर दोन्हीकडच्या मिळून अठरा पायऱ्या होतात आणि तीन-चार फरक पडले तरी घाबरायचं कारण नाही. वीस फरक असतील तर मात्र ती पोथीच वेगळी. याशिवाय एक-एक अक्षर कायमचं बदलतं तेही मोजतात, त्यावरून ते आर-वन-ए, एच, एल वगैरे गट ठरतात ज्यांना हॅप्लोग्रुप म्हणतात.

हॅप्लोग्रुपबद्दल इथेच सांगून टाकते कारण आमच्या ग्रुपवर यावरून तीन दिवस धुरळा उडाला. हे गट हजारो वर्षं जुने आहेत आणि आपलं आडनाव काही शतकांचं, बऱ्याच घरांत तर ते इंग्रजी अमदानीत शाळेच्या आणि सरकारी कागदावर पक्कं झालं. आर-वन-ए भारतात कित्येक जातींत आणि आदिवासी समाजांतही सापडतो. त्यावरून 'आपण मूळचे अमुक' असं म्हणणाऱ्या काकांना मी नमस्कार केला आणि विषय बदलला. गट एकच आहे म्हणून भाऊबंद ठरत नाहीत, गट वेगळा निघाला तर मात्र बापाकडून एक नाही हे नक्की. नकार पक्का, होकार कच्चा.

हा प्रकार पहिल्यांदा आडनावावर करून बघितला तो ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी, आणि स्वतःच्याच आडनावावर. साइक्स हे यॉर्कशायरकडचं नाव, अर्थ छोटा ओढा किंवा हद्दीवरचा चर, म्हणजे आपल्याकडे ओढेकर म्हणावं तसं. ओढे काय शंभर असतात, त्यामुळे या आडनावाचे मूळपुरुषही बरेच असणार असंच कोणीही म्हटलं असतं. त्यांनी ४८ साइक्स पुरुषांचे फक्त ४ मार्कर तपासले आणि जवळजवळ निम्म्यांचा नमुना एकच निघाला. २००० साली हे छापून आलं. त्याच वर्षी ह्यूस्टनमध्ये फॅमिली ट्री डीएनए ही कंपनी सुरू झाली आणि हौशी लोकांनी आपापल्या आडनावाचे प्रोजेक्ट काढले. एक आडनाव, एक-दोन बिनपगारी अॅडमिन, आणि मेंबरांचे आकडे एका तक्त्यात. पुढे लेस्टर विद्यापीठाच्या लोकांनी ४० ब्रिटिश आडनावं तपासली तेव्हा दिसलं की दुर्मिळ आडनावाचे लोक बहुतेक एकमेकांचे निघतात आणि स्मिथ म्हणजे नुसती गर्दी.

आपल्याकडचे स्मिथ कोण? कुलकर्णी, देशमुख, पाटील, जोशी. ही कामांची नि वतनांची नावं, गावोगाव वेगळी माणसं, वेगळ्या जातींचीसुद्धा. 'कुलकर्णी डीएनए प्रोजेक्ट' काढणं म्हणजे एसटी स्टँडवरच्या सगळ्यांना एका घरचे समजणं. -करवाल्यांचंही तेच, नाव गावावरून, गावातून बाहेर पडलेला कोणीही ते लावू शकतो. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे तिथले मराठी ज्यू, बघा, पेणकर, रोहेकर, नवगावकर, आडनावं आपल्यासारखीच गावांवरून, आणि त्यांच्यावर २०१६ मध्ये जो अभ्यास छापला गेला त्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे निघाले. म्हणजे एकाच गावाचं -कर लावणारे दोन शेजारी, आणि पूर्वज पार दोन टोकांचे. उलटही होतं, कुळ एक आणि आडनावं चार. श्रीवर्धनचे भट पुढे पेशवे झाले आणि पेशवे म्हणूनच राहिले. म्हणून माझा सरळ सल्ला, ग्रुप आडनावावर बांधू नका. मूळ गाव, कुलदैवत, गोत्र, आणि असेल तर वतनाचा कागद, या चारांतल्या तीन गोष्टी जुळतात त्यांना आत घ्या, मग आडनाव काहीही असो. गोत्रावर एकट्यावर तर अजिबात विसंबू नका, ज्याला गोत्र माहीत नाही त्याला काश्यप सांगायची आपली पद्धतच आहे.

आणि ग्रुप का लागतो, एकट्याने टेस्ट केली तर? इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाने केली की कंपनीच्या यादीतून त्याला ढीगभर मॅच येतात, कारण तिकडचे लाखो लोक आधीच यादीत आहेत. आपल्या माणसाची यादी बहुतेक रिकामी येते. १२ मार्करवर चार अनोळखी नावं दिसतील, ती योगायोगाची. म्हणजे ज्याच्याशी ताडून बघायचं तो माणूसही आपणच आणायचा.

मग कोणाची करायची? इथे सगळे चुकतात. आमच्याकडे पहिल्या दिवशी सतरा जणांनी हात वर केला, त्यातले अकरा पुण्यातले आणि त्यातले सहा एकाच आजोबांचे नातू. या सहांचे आकडे जवळजवळ एकच येणार, पैसे सहा पट. उलटं करायचं, झाडावर जे दोघं एकमेकांपासून सगळ्यात लांब आहेत त्यांना आधी शोधायचं. थोरल्या पातीतला एक, धाकट्या पातीतला एक. हे दोघं जुळले की दोघांच्या मधला मूळपुरुषच जणू टेस्ट झाला, मग तिसरा-चौथा त्याच्याशी ताडायचा. दोघं जुळले नाहीत तर कोण सरकलाय ते ठरवायला तिसऱ्या पातीतला माणूस लागतो. आम्ही चारच केले, कोकणातल्या मूळ घरातला एक, बडोद्याचा, वाईचा आणि इंदूरचा. मी बघितलं तेव्हा ३७ मार्करचं किट शंभर-सव्वाशे डॉलरच्या घरात होतं, मोठी टेस्ट त्याच्या तीन-चार पट, सणासुदीला सवलत असते. आधी ३७, गरज पडली तरच पुढे. हो, आणि नमुना परदेशी पाठवायचे नियम आणि कुरियर याबद्दल किट मागवायच्या आधी कंपनीला विचारा, किट घरी आल्यावर नाही.

एखाद्या शाखेत पुरुषच उरला नसेल तर? तर वर जायचं आणि बाजूने खाली यायचं. याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन. त्यांच्या घरी गुलाम असलेल्या सॅली हेमिंग्ज हिची मुलं त्यांची होती का हा दोनशे वर्षांचा वाद, आणि जेफरसनना लग्नाच्या बायकोपासून जगलेला मुलगा नाही, म्हणजे वाय कुठून आणणार. १९९८ मध्ये त्यांच्या काकांच्या, फील्ड जेफरसन यांच्या पुरुषवंशातले पाच जण तपासले आणि सॅलीचा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी ते जुळले. पण बारकाईने बघा, टेस्टने एवढंच सांगितलं की बाप जेफरसन घराण्यातला. नेमका कोण, ते बाकीच्या कागदांवरून आणि तारखांवरून ठरवावं लागलं. वाय घराणं सांगतो, माणूस नाही.

आता नाजूक भाग. आपल्या वंशावळीत दत्तक ही इतकी साधी गोष्ट आहे की कित्येकदा लिहीतही नाहीत. दत्तक भाऊबंदांतलाच असेल तर वाय तोच राहतो. सयाजीराव गायकवाड १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक आले ते नाशिककडच्या कवळाण्याहून, पण गायकवाडांच्याच दूरच्या शाखेतून. शाहू महाराज १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले ते कागलच्या घाटग्यांकडून, म्हणजे कागदोपत्रीच घराणं वेगळं. दोघेही त्या त्या गादीचे शंभर टक्के वारस, पण वाय क्रोमोसोमला दत्तकविधान कळत नाही. शिवाय घरजावयाने सासऱ्याचं नाव लावलेलं असतं, आणि कधी कधी अजून काही असतं जे कोणी बोलत नाही. साइक्सच्या अभ्यासात असे खंड दर पिढीला १.३ टक्के धरलेत. ऐकायला काहीच नाही, पण दोन शाखांच्या मिळून वीस पायऱ्या धरा, चार-पाच जोड्यांत एखादीत कुठेतरी खंड निघणारच. राजेरजवाडेही सुटले नाहीत. इंग्लंडचा तिसरा रिचर्ड २०१२ मध्ये लेस्टरच्या पार्किंगखाली सापडला, बहिणीच्या लेकींच्या वाटेने आलेला मायटोकॉन्ड्रिया जुळला, पण पुरुषवंशातले जे पाच नातलग तपासले त्यातले चार एकमेकांशी जुळले, पाचवा त्या चौघांशीही नाही, आणि रिचर्ड तर कोणाशीच नाही.

म्हणून किट मागवायच्या आधी एक कागद करा. आमच्या कागदावर मराठीत सहा वाक्यं होती, वकिली नाही. त्यातलं महत्त्वाचं हे की निकाल आधी त्या माणसाला फोनवर सांगायचा, ग्रुपवर नंतर, आणि तो नको म्हणाला तर ग्रुपवर नाहीच. तक्त्यात नावाऐवजी क-१, क-२ असं. आणि माणूस गेल्यावर किटचा ताबा कोणाकडे, हेही लिहून घ्या, कारण आपण टेस्ट करतो ती घरातल्या म्हाताऱ्या माणसांची. भावाची सही असली तरी तो वाय तुमच्या काकाचा, पुतण्याचाही आहे, म्हणून शाखेतल्या निदान मोठ्यांना विचारा. डेटा कंपनीकडे राहतो हेही विसरू नका. ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती बाहेर गेली आणि २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. पोलीसही अशा याद्या वापरतात, २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातला जुना खुनी सापडला तो लांबच्या नातलगांच्या डीएनएवरून. हे घाबरवायला नाही सांगत, पण सही करणाऱ्या ऐंशी वर्षांच्या माणसाला हे माहीत असायला हवं.

नमुना घेणं सोपं असतं म्हणतात. कोकणातल्या आमच्या तात्यांकडे मी स्वतः गेले. गालाच्या आतून काडी मिनिटभर घासायची, त्याआधी तासभर काही खायचं-प्यायचं नाही. तात्या ओटीवर बसलेले, गालात तंबाखूची गोळी. चूळ भरायला लावली, पडवीतल्या घड्याळाकडे बघत बसलो, पंचावन्न मिनिटं झाली आणि काकू सवयीने चहा घेऊन आल्या, मी आतून पाणी आणेपर्यंत तात्यांनी निम्मा संपवला. पुन्हा तासभर. शेवटी काडी फिरवली, टोक कुपीत पाडलं, तर म्हणे एवढंच, मला वाटलं रक्त काढणार म्हणून मी सकाळपासून शर्ट हाफ घातलाय. कुपीवर लेबल तिथेच लावा. बडोद्याला दोन सख्ख्या भावांनी हौसेने किट घेतली आणि कुप्यांची अदलाबदल केली, आकडे अर्थातच एकच आले, पण ज्याच्या नावाची सही त्याचीच कुपी हवी म्हणून परत निस्तरत बसले.

निकाल आले दोन महिन्यांनी. क-१ कोकण आणि क-२ बडोदा, ३७ पैकी ३६ सारखे. क-३ वाई, कोकणाशी तीन फरक, बडोद्याशी चार, गट तोच. म्हणजे वाईवाले आपलेच, तीस वर्षांचं भांडण मिटलं, ज्यांनी ते सुरू केलं होतं ते दोघंही आता नाहीत. आणि क-४, ज्यांच्याबद्दल कोणाला कधी शंकाच नव्हती, ज्यांच्या घरात वंशावळ फ्रेम करून लावलीय, त्यांचे तेवीस फरक, गटच वेगळा. मी आधी त्यांना फोन केला. काका शांतपणे ऐकत होते, मग विचारलं, "म्हणजे पुढच्या संमेलनाला आम्ही यायचं ना?" मी म्हटलं काका, स्वयंपाकाची ऑर्डर तुम्हीच देता दरवर्षी, तुम्ही नाही आलात तर आम्ही काय खायचं. हसले. निकाल नावानिशी छापू नका म्हणाले, छापणार नाही. आडनाव म्हणूनच वर लिहिलं नाही, शाखांची गावंही बदललीत.

आता कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीत वाईची रेघ पक्की होणार, पण मधल्या चार पिढ्यांची नावं डीएनए देत नाही, ती चौकट कोरीच. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडे आपल्या वाईवाल्यांची जुनी वही असणार, श्राद्धाला गेलेला माणूस बाप-आजा-पणजा सांगून सही करून यायचा. दिवाळीनंतर जायचं ठरलंय. मोडी वाचता येणारं कोणी बरोबर येणार असेल तर सांगा, जाण्यायेण्याचा खर्च कुळाच्या फंडातून.